सर्व्हरचा मॅनेजमेंट बोर्ड बदलताय? आधी हे वाचा

सर्व्हर चालू आहे, त्यावरची कामंही व्यवस्थित सुरू आहेत. पण मॅनेजमेंट पोर्टवर पिंग जात नाही, लॉगिनचं पान उघडत नाही आणि पंखे काही कारण नसताना पूर्ण वेगाने फिरतायत. अशा वेळी पहिला संशय बीएमसीवर, म्हणजे सर्व्हरच्या मॅनेजमेंट कंट्रोलरवर जातो, आणि बऱ्याचदा तो खरा निघतो. ज्यांच्यावर हा बोर्ड बदलायची पाळी पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवायला हवी. जुना बोर्ड काढून नवा बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. खरी कसरत त्याच्या आधी आणि नंतर असते, कारण सर्व्हरची ओळख बरीचशी या बोर्डावर साठवलेली असते: सिरियल नंबर, मॅक ॲड्रेस, लायसन्स, युजर, सर्टिफिकेट आणि काही मशिनमध्ये तर डिस्क उघडणारी किल्लीसुद्धा. ती ओळख सांभाळून नव्या बोर्डावर आणली तर काम झालं. ती हरवली तर नवाकोरा बोर्ड बसवूनही मशिन अडून बसतं.

१. बीएमसी काय करतो ते थोडक्यात

बीएमसी हा सर्व्हरच्या आत असलेला स्वतंत्र छोटा संगणकच आहे. त्याला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी आणि फ्लॅश असते. मुख्य मशिन बंद असलं तरी पॉवर कॉर्ड लावलेली असेपर्यंत तो स्टँडबाय विजेवर जागा असतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोव्होमध्ये एक्ससीसी, फुजित्सूमध्ये आयआरएमसी. अनेक उत्पादकांच्या बोर्डांवर एस्पीड कंपनीची एएसटी२५०० किंवा एएसटी२६०० चिप दिसेल.

नावं वेगळी असली तरी बोलायची पद्धत बरीचशी सारखी आहे. आयपीएमआय हे जुनं मानक १९९८ साली आलं, त्याची २.० आवृत्ती २००४ मध्ये आली आणि २०१५ मध्ये डीएमटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं रेडफिश हे नवं मानक आलं. त्यामुळे खालच्या तपासण्या कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर थोड्याफार फरकाने चालतात.

२. बोर्ड खरंच गेलाय का, ते आधी ठरवा

या पायरीला घाई करू नका. ‘गेला’ म्हणून परत पाठवलेल्या बोर्डांपैकी काही धडधाकट असतात आणि दोष केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये सापडतो.

आधी नेटवर्क बघा. केबल, पोर्टचा दिवा, स्विचवरचं व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा). मग पोर्टचा मोड तपासा, कारण नवखे हमखास इथे फसतात. बऱ्याच सर्व्हरमध्ये बीएमसी स्वतःच्या स्वतंत्र पोर्टवर किंवा मुख्य लॅन पोर्टवर भागीदारीने चालू शकतो, आणि ‘फेलओव्हर’ मोडमध्ये कुठला पोर्ट घ्यायचा ते तो स्वतः ठरवतो. वीज आली त्या क्षणी स्वतंत्र पोर्टची केबल निघालेली असेल तर काही मॉडेलचे बीएमसी भागीदारीच्या पोर्टवर जाऊन बसतात. तुम्ही इकडे पिंग करत राहता, आणि तो तिकडे ठणठणीत असतो.

फक्त वेब पान उघडत नसेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जुन्या फर्मवेअरचं टीएलएस (सुरक्षित जोडणीची पद्धत) आजचे ब्राउझर नाकारतात, सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते, किंवा बीएमसीमधला वेब सर्व्हर तेवढा अडकलेला असतो. एसएसएच करून बघा. आयपीएमआय चालू ठेवलं असेल तर यूडीपी ६२३ पोर्टवर विचारून बघा.

त्यानंतर आतून तपासा. सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जाऊन ‘आयपीएमआयटूल एमसी इन्फो’ चालवा. फर्मवेअरची आवृत्ती आणि उत्पादकाचं नाव आलं तर बीएमसी जिवंत आहे आणि भांडण नेटवर्कशी आहे. ‘डिव्हाइस उघडता आलं नाही’ असं उत्तर आलं तरी लगेच निष्कर्ष काढू नका. लिनक्सवर आयपीएमआयचे कर्नेल मॉड्युल लोड झालेले नसले तरी हाच संदेश येतो. ते लोड करून पुन्हा विचारा.

उत्तर येत असेल पण वागणं विचित्र असेल, तर ‘एमसी रीसेट कोल्ड’ द्या. यात फक्त बीएमसी रीस्टार्ट होतो, वरची ऑपरेटिंग सिस्टिम चालूच राहते. तो परत उभा राहायला काही मिनिटं घेतो आणि तेवढ्या वेळात पंखे वेग वाढवतात. ते साहजिक आहे, घाबरायचं कारण नाही.

शेवटचा उपाय म्हणजे वीज पूर्ण काढणं. त्यासाठी डाउनटाइम मागावा लागतो, पण बोर्ड मागवण्याआधी तो मागाच. सर्व्हर नीट बंद करा. सगळ्या पॉवर कॉर्ड काढा, एक काढून दुसरी राहिली तर काहीच उपयोग नाही. पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाईल. दोन-चार मिनिटं थांबा आणि कॉर्ड परत लावा. आता सर्व्हर सुरू करायची घाई नको. आधी बीएमसीला त्याचा स्वतःचा बूट पूर्ण करू द्या. बहुतेक बोर्डांवर त्याचा एक बारीक हिरवा दिवा असतो. तो ठरावीक तालात लुकलुकत असेल तर फर्मवेअर चालू आहे. दिवा विझलेलाच असेल किंवा न लुकलुकता एकसारखा जळत असेल तर त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ पाहा.

आणखी एक लक्षण लक्षात ठेवा. बहुतेक सर्व्हरवर मॉनिटर जोडायचा व्हीजीए पोर्ट याच चिपमधून येतो. त्यामुळे बीएमसी गेला की समोरची स्क्रीनही काळी राहू शकते, आणि मशिन बूट होत असूनही ते मेलंय असं वाटतं. अशा वेळी मेमरी काढून-घालून बघण्यात तासन्‌तास जातात. नेटवर्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम उत्तर देते का, ते आधी बघा.

फ्लॅशमधला प्रोग्राम बिघडला असेल तर काही बोर्डांवर रिकव्हरी मोड किंवा फर्मवेअरची दुसरी प्रत असते. मॅन्युअलमध्ये तशी सोय दिली असेल तर तीही वापरून बघा. एवढं सगळं करूनही आतून-बाहेरून उत्तर नाही, तर बोर्ड बदला.

३. नेमका कुठला भाग मागवायचा

दोन प्रकार आहेत. काही सर्व्हरमध्ये बीएमसी वेगळ्या कार्डावर असतो. ओरॅकलच्या स्पार्क टी मालिकेतल्या काही मशिनमध्ये सर्व्हिस प्रोसेसरचं स्वतंत्र मॉड्युल आहे, आणि ओपन कॉम्प्युट प्रोजेक्टच्या डीसी-एससीएम मानकाप्रमाणे बनलेल्या नव्या सर्व्हरमध्येही तो वेगळ्या मॉड्युलवर येतो. इतर बऱ्याच सर्व्हरमध्ये मात्र तो मदरबोर्डवरच सोल्डर केलेला असतो. तिथे अख्खा सिस्टिम बोर्ड बदलावा लागतो, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, रायझर सगळं हलवणं आलं. कामाचा वेळ आणि जोखीम दोन्ही त्यावर ठरतात, म्हणून आपला प्रकार कुठला ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

पार्ट नंबर जुन्या बोर्डाच्या लेबलवरून घ्या, मॉडेलच्या नावावरून नको. एकाच नावाच्या सर्व्हरच्या दोन पिढ्यांत बोर्ड वेगळे असतात. वॉरंटी चालू असेल तर हा भाग ग्राहकाने बदलायचा आहे की कंपनीच्या इंजिनिअरने, तेही विचारून घ्या.

४. जवळ काय काय हवं

- त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल, शक्यतो दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवून ठेवलेलं
- नवा बोर्ड, त्याच्या अँटिस्टॅटिक पिशवीतच
- अँटिस्टॅटिक मनगटपट्टा
- फिलिप्स आणि टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर. टी१० आणि टी१५ लागतातच, प्रोसेसरचा हीटसिंक काढायचा असेल तर टी३०ही
- प्लॅस्टिकची चपटी पट्टी, घट्ट बसलेल्या रिबन केबलसाठी
- सध्याच्या बीएमसी आणि बायोस फर्मवेअरच्या फायली, यूएसबी ड्राइव्हवर
- लायसन्सच्या किल्ल्या आणि खरेदीची कागदपत्रं
- डिस्क एन्क्रिप्शनच्या रिकव्हरी किल्ल्या
- फोटो काढायला फोन

५. मशिन चालू आहे तोवर ओळख उतरवून घ्या

ऑपरेटिंग सिस्टिम अजून चालू असेल तर हे तुमचं नशीब समजा आणि आत्ताच सगळी माहिती काढून घ्या. ‘डीएमआयडीकोड’ चालवून सिस्टिम सिरियल नंबर, प्रॉडक्ट नंबर, यूयूआयडी (मशिनचा एकमेव ओळख क्रमांक) आणि ॲसेट टॅग एका फाईलमध्ये ठेवा. ती फाईल त्याच सर्व्हरवर ठेवून उपयोग नाही, दुसरीकडे ठेवा. चेसिसवरच्या लेबलांचे फोटो काढा. बीएमसीचा आयपी, गेटवे, व्हीलॅन, डीएनएस नाव, युजरची यादी, अलर्ट कुठे जातात, एलडीएपीची (संस्थेच्या सामाईक युजर-यादीची) जोडणी हे सगळं शेवटच्या बॅकअपमधून किंवा तुमच्या नोंदींतून एकत्र करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: टीपीएम, म्हणजे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप. ही चिप बीएमसीच्याच मॉड्युलवर असू शकते. मदरबोर्ड बदलत असाल तर ती जुन्या बोर्डावर राहते, किंवा प्लग करायची असली तरी एका बोर्डाशी बांधलेली असू शकते. डिस्कची किल्ली तिच्यात बंद असेल तर नवा बोर्ड लावल्यावर डिस्क उघडणार नाही. विंडोजवर बिटलॉकर असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हातात हवी. लिनक्सवर एलयूकेएस (डिस्क एन्क्रिप्शन) टीपीएमशी बांधलेलं असेल तर हाताने टाकायचा पासफ्रेज चालतो का ते आत्ताच करून बघा. व्हीएमवेअर ईएसएक्सआयच्या ७.० अपडेट २ पासून पुढे, टीपीएम असलेल्या सर्व्हरवर कॉन्फिगरेशन टीपीएमच्या आधारे एन्क्रिप्ट होतं आणि त्याची वेगळी रिकव्हरी की असते. ती काढून ठेवली नाही तर ईएसएक्सआय बूटच होत नाही. किल्ली कुठेतरी आहे म्हणे, एवढ्यावर पुढे जाऊ नका. ती डोळ्यांनी बघा, आणि ती याच मशिनची आहे याची खात्री करा.

६. क्लस्टरला आधी कळवा

हा सर्व्हर क्लस्टरमध्ये, म्हणजे पेसमेकरसारख्या सॉफ्टवेअरने जोडलेल्या, एकमेकांची कामं सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या (नोडच्या) गटात असेल तर बहुधा बीएमसीच फेन्सिंगसाठी वापरला जातो. एखादा नोड बिघडला की क्लस्टर त्याच्या बीएमसीला वीज कापायला सांगतो. बीएमसीच मेलेला असेल तर फेन्सिंग फसतं, आणि तो नोड नक्की बंद झालाय याची खात्री नसल्यामुळे क्लस्टर त्याच्यावरची कामं दुसरीकडे उचलत नाही. म्हणजे बोर्ड गेल्याच्या क्षणापासून तुमची हाय ॲव्हेलेबिलिटी कागदावरच आहे. बोर्ड यायला चार दिवस लागणार असतील तर त्या चार दिवसांची सोय आत्ता करा: कामं दुसऱ्या नोडवर हलवा आणि हा नोड स्टँडबायला टाका. व्हर्च्युअल मशिन असतील तर होस्ट मेंटेनन्स मोडला न्या.

बॅकअप ताजा आहे का, तेही याच वेळी तपासा.

७. बोर्ड बदला

सर्व्हर बंद करा आणि सगळ्या पॉवर कॉर्ड काढा. बीएमसी स्टँडबाय विजेवर चालतो, त्यामुळे मशिन नुसतं बंद करून बोर्ड ओढणं धोक्याचं आहे. बोर्डावरचे सगळे दिवे विझेपर्यंत थांबा.

मनगटपट्टा लावून झाकण उघडा. काहीही काढण्याआधी सगळ्या केबलचे फोटो घ्या, एक वरून आणि एक बाजूने. नव्या बोर्डाच्या लेबलचाही फोटो आत्ताच घ्या. त्यावर मॅक ॲड्रेस आणि बऱ्याचदा सुरुवातीचा पासवर्ड छापलेला असतो, आणि बोर्ड बसवल्यावर ते लेबल आत दडून जातं.

जुन्या बोर्डावर मायक्रोएसडी कार्ड, ओळख साठवणारी छोटी प्रॉम चिप किंवा टीपीएम मॉड्युल असं काही सॉकेटमध्ये आहे का बघा. मॅन्युअलमध्ये ते नव्या बोर्डावर हलवायला सांगितलं असेल तर हलवा. जुना बोर्ड परत गेल्यावर ते आठवून उपयोग नसतो.

कनेक्टर सरळ दाबून बसवा, तिरके नको. मदरबोर्ड बदलत असाल तर प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिनांना बोटही लागू देऊ नका, जुन्या सॉकेटवर त्याचं प्लॅस्टिकचं कव्हर परत लावा (वाकलेल्या पिनांचा बोर्ड कंपनी वॉरंटीत घेत नाही), आणि थर्मल पेस्ट नवीन लावा.

८. पहिल्यांदा वीज देताना

पॉवर कॉर्ड लावा आणि थांबा. बीएमसीचा दिवा नियमित लुकलुकायला लागेपर्यंत पॉवरच्या बटणाला हात लावू नका. घाईने सुरू केलं तर बायोस बीएमसीची वाट बघत अडकतो किंवा चुकीच्या एरर दाखवतो, आणि आपण नव्या बोर्डावरच संशय घ्यायला लागतो.

९. ओळख परत लिहा

ही पायरी मॉडेलप्रमाणे बदलते. डेलच्या सर्व्हरमध्ये ‘ईझी रिस्टोअर’ ही सोय आहे. सर्व्हिस टॅग, लायसन्स आणि सेटिंग वेगळ्या फ्लॅशमध्ये जपलेली असतात, आणि नवा सिस्टिम बोर्ड दिसला की मशिन सुरू होतानाच ती परत आणायची का असं विचारतं. ‘हो’ म्हणा. तो प्रश्न वाचायच्या आत एंटर दाबू नका. एचपीईच्या सर्व्हरमध्ये एफ९ दाबून सिस्टिम युटिलिटीजमध्ये जाऊन सिरियल नंबर आणि प्रॉडक्ट आयडी हाताने भरावा लागतो. इतर कंपन्यांची त्यासाठी स्वतःची साधनं असतात.

नंबर भरताना लेबलचा फोटो समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांत गल्लत होते, आणि काही बोर्डांवर हा नंबर एकदाच लिहिता येतो. चुकला की परत कंपनीच्या दारात. सिरियल नंबर रिकामा किंवा चुकीचा राहिला तर पुढे वॉरंटीची तक्रार नोंदवताना अडचण येते, आणि यूयूआयडी बदलला तर त्यावर बांधलेली सॉफ्टवेअर लायसन्स बंद पडतात. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यावर ‘डीएमआयडीकोड’ पुन्हा चालवून आधीच्या फाईलशी ताडून बघा.

१०. फर्मवेअर जुळवा

नव्या बोर्डावर गोदामातलं जुनं फर्मवेअर असतं, किंवा तुमच्या बायोसपेक्षा पुढचं. न जुळणारी जोडी असली की सेन्सर चुकीचे आकडे दाखवतात आणि पंखे कायम जोरात फिरतात. बोर्ड सदोष आलाय असं वाटतं, पण अपडेट केलं की सगळं शांत होतं. बीएमसी आधी की बायोस, हा क्रम कंपनीच्या रिलीज नोट्समध्ये दिलेला असतो, तोच पाळा. अपडेट चालू असताना वीज जाऊ देऊ नका.

११. नेटवर्क, युजर आणि सुरक्षा

मॅक ॲड्रेस बदललाय. डीएचसीपीमध्ये आयपी जुन्या मॅकवर राखून ठेवला असेल तर तो बदला, आणि स्विचवर पोर्ट सिक्युरिटी असेल तर तिथेही नोंद करा. मगच ‘पिंग का जात नाही’ म्हणून शोधायला निघा.

घड्याळ लगेच लावा. नव्या बोर्डाची तारीख बऱ्याचदा १९७० ची असते. त्या तारखेने सर्टिफिकेट अवैध ठरतं आणि लॉगमधल्या नोंदींना काही अर्थ राहत नाही. एनटीपी सुरू करा, म्हणजे घड्याळ नेटवर्कवरून आपोआप जुळत राहील.

कारखान्यातला पासवर्ड एक तासही ठेवू नका. डेलचा ‘रूट’ आणि ‘कॅल्व्हिन’ जगाला माहीत आहे. सुपरमायक्रो २०२० पासून प्रत्येक बोर्डाला वेगळा पासवर्ड देते, तो लेबलवर असतो. म्हणूनच तो फोटो काढायला सांगितला.

आयपीएमआय २.० च्या लॉगिन पद्धतीतच एक जुनी त्रुटी आहे, सीव्हीई-२०१३-४७८६ या क्रमांकाने नोंदलेली: नुसतं युजरचं नाव माहीत असलेल्या कुणालाही बीएमसी पासवर्डचा हॅश (पासवर्डपासून बनवलेली सांकेतिक खूण) देऊन टाकतो, मग तो निवांत बसून फोडता येतो. मानकातलाच दोष असल्यामुळे फर्मवेअर अपडेटने तो जात नाही. नेटवर्कवरून आयपीएमआय लागत नसेल तर बंद करा आणि रेडफिश वापरा. लागत असेल तर पासवर्ड लांब ठेवा, सायफर शून्य (कुठलाही पासवर्ड चालवून घेणारा लॉगिनचा प्रकार) बंद करा आणि मॅनेजमेंटचं नेटवर्क बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. नव्या बोर्डावर ही सगळी सेटिंग पुन्हा कारखान्यातल्यासारखी झालेली असतात, हे विसरलं जातं.

लायसन्सचंही बघा. सुपरमायक्रोचं आउट-ऑफ-बँड (बीएमसीतून दुरून व्यवस्थापन करायचं) लायसन्स बीएमसीच्या मॅक ॲड्रेसशी बांधलेलं असतं, त्यामुळे नव्या बोर्डाला नवी किल्ली मागावी लागते. एचपीईमध्ये आयएलओ ॲडव्हान्स्डची किल्ली पुन्हा भरावी लागते. यात एखाद-दोन दिवस जाऊ शकतात, तेव्हा विनंती बोर्ड मागवतानाच टाकून ठेवा.

१२. खरं काम करून तपासा

लॉगिन झालं म्हणजे झालं असं नाही. दुरून रिमोट कन्सोल उघडा. व्हर्च्युअल मीडियावर एक आयएसओ जोडून बघा. सर्व्हर एकदा दुरूनच बंद करून चालू करा. सेन्सरची यादी काढा, एखादा ‘रीडिंग नाही’ असेल तर केबल नीट बसलेली आहे का बघा. एक चाचणी अलर्ट पाठवा आणि तो ज्याच्यापर्यंत पोचायला हवा त्याच्यापर्यंत पोचला का ते त्यालाच विचारा. क्लस्टर असेल तर नव्या पासवर्डने फेन्सिंग प्रत्यक्ष चालवून बघा आणि मगच नोड परत कामाला लावा. शेवटी सेटिंगचा बॅकअप घ्या आणि टीपीएमशी बांधलेली एन्क्रिप्शन नव्याने बांधून तिची नवी रिकव्हरी की जपून ठेवा.

१३. जुना बोर्ड परत पाठवण्याआधी

मेलेल्या बोर्डाच्या फ्लॅशमध्ये तुमचे युजर, सर्टिफिकेटची खाजगी किल्ली आणि एलडीएपीचा पासवर्ड तसाच असतो. आयपीएमआयच्या पद्धतीत तर बीएमसीला पासवर्ड मूळ रूपात मिळेल असाच साठवावा लागतो. बोर्ड चालू होत नसल्यामुळे तो पुसताही येत नाही. तुमच्या संस्थेत डिस्क परत न करण्याचा करार असेल तर तो अशा बोर्डांनाही लागू आहे का ते विचारा. नसेल तर जुनं सर्टिफिकेट रद्द करा, एलडीएपीच्या खात्याचा पासवर्ड बदला, आणि त्या बोर्डावरचाच पासवर्ड इतर सर्व्हरवर वापरला असेल तर तिथेही बदला. मग बोर्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून खोक्यात भरा, परतीचा क्रमांक खोक्यावर लिहा आणि नव्या बोर्डाचा पार्ट नंबर व मॅक ॲड्रेस मालमत्तेच्या नोंदवहीत चढवा.